क्लास काढून तोल येत नाही

रोल-प्लेइंग खेळ खेळणाऱ्यांत एक युक्तिवाद दर काही वर्षांनी नव्या दमाने उभा राहतो. लढवय्या, जादूगार, चोर हे ठरावीक क्लास म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या एका खेळाचं ओझं आहे, ते आपण अजून का वाहतोय? क्लास खेळाडूच्या कल्पनेला साच्यात कोंबतात. शिवाय ते समसमान कधीच नसतात. जादूगार आभाळाला टेकतो आणि लढवय्या त्याचं सामान सांभाळत मागून चालतो. मग क्लासच काढून टाका. प्रत्येकाला सारखे गुण द्या आणि त्यातून ज्याला जी हवीत ती कौशल्यं विकत घेऊ द्या. साचाही गेला, विषमताही गेली.

यातलं पहिलं म्हणणं मला बऱ्याच अंशी मान्य आहे. क्लास बंधन घालतात, आणि पुष्कळ खेळांत ते बंधन अडाणीपणे घातलेलं असतं. दुसरं म्हणणं मात्र साफ चूक आहे. क्लास म्हणजे पात्राच्या पेशाचं तयार गाठोडं. त्याला काय येतं, काय येत नाही आणि लेव्हल वाढेल तसं काय येऊ लागेल, हे खेळ रचणाऱ्याने एकत्र बांधून दिलेलं असतं. हे गाठोडं सोडून टाकलं की तोलाचा प्रश्न सुटत नाही. तो खेळ रचणाऱ्याच्या अंगावरून खेळाडूच्या अंगावर येतो, आणि तो सोडवायचं सगळ्यात उपयोगी हत्यार तेवढं हातचं जातं. हे सिद्ध करायला मी शक्यतो क्लासविरोधकांचेच लाडके खेळ पुराव्याला घेणार आहे.

आधी त्यांचं मुख्य आरोपपत्र तपासू: जादूगार विरुद्ध लढवय्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक असे तीनच क्लास होते. चोर पुढच्या वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून आला. हे क्लास समान आहेत असा दावा तेव्हाही कुणी केला नव्हता. विषमतेची भरपाई दुसरीकडे केलेली होती. १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत दुसरी लेव्हल गाठायला लढवय्याला सुमारे २००० अनुभवगुण लागत, जादूगाराला सुमारे २५००, तर चोराला साधारण १२५० पुरत. जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशावर ठरे, म्हणजे एखाद्या घावातच तो संपे. चिलखत नाही. शस्त्र म्हणाल तर सुरी, काठी किंवा छोटा फेकबाण. पहिल्या लेव्हलला दिवसाला एक मंत्र. तो म्हणताना मार बसला की मंत्र वाया. पुन्हा मंत्र पाठ करायला प्रत्येक पायरीमागे पंधरा मिनिटं. वरच्या लेव्हलचा जादूगार तेव्हाही भारी होताच, पण तिथवर जगून पोचणं हीच त्या ताकदीची किंमत होती.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी रचलेली ही आवृत्ती अनेक बाबतींत आधीच्यांपेक्षा सुबक होती. पण तिचा कल बंधनं सैल करण्याकडे होता. सगळ्या क्लासना अनुभवगुणांचं एकच कोष्टक आलं. प्रत्येक नव्या लेव्हलला जवळजवळ मनाला येईल तो क्लास घेता येऊ लागला. मार बसला तरी फासा टाकून मंत्र वाचवता येऊ लागला. पाच फूट मागे सरकलं की तो धोकाही टळे. खेळाडूंनी याचा अर्थ लगेच ओळखला. लढवय्याची ताकद सरळ रेषेत वाढते आणि जादूगाराची वर्गाच्या पटीत, हे म्हणणं याच काळात घरोघरच्या टेबलांवर रूढ झालं. म्हणजे क्लासविरोधक ज्या विषमतेकडे बोट दाखवतात, ती सर्वांत उग्र झाली ती क्लासमधल्या भिंती उंच असताना नव्हे, त्या उतरवल्यावर. आणि त्यावर यांचा उपाय काय, तर उरलेल्या भिंतीही पाडा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता त्यांच्या उपायाकडे वळू. गुण देऊन पात्र विकत घ्यायची पद्धत नीट रुजवली ती १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ने आणि तिचा सर्वांत व्यापक संसार मांडला स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ च्या ‘गर्प्स’ने. ‘गर्प्स’मध्ये पात्राला ठरावीक गुण मिळतात. ताकद, चापल्य, बुद्धी, आरोग्य, शेकडो कौशल्यं आणि खुब्या, सगळ्यांना किंमत. प्रत्येकाने सारखेच गुण खर्च केले, म्हणजे पात्रं सारखीच झाली, असं गृहीतक.

हे गृहीतक पहिल्याच कोष्टकावर अडखळतं. ‘गर्प्स’च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत चारही मूळ गुणविशेषांची किंमत एकच होती. ताकद १० वरून १३ वर न्यायला जितके गुण, तितकेच चापल्य १३ वर न्यायला. पण ताकदीने घाव जड होतो आणि ओझं उचलता येतं, एवढंच. चापल्य वाढवलं की तलवार, धनुष्य, बंदूक, घोडेस्वारी, चोरपावलांनी चालणं अशी कौशल्यांची रांगच्या रांग एकदम वर सरकते. बुद्धीचंही तसंच. शेवटी २००४ च्या चौथ्या आवृत्तीत चापल्य आणि बुद्धी यांना प्रत्येक पायरीमागे २० गुण आणि ताकद-आरोग्याला १० गुण, अशी किंमत लावली गेली. मूळ चार वस्तूंचे भाव नीट लावायला अठरा वर्षं गेली! आणि हे करणारी माणसं या विषयातली मुरलेली होती. मग शेकडो कौशल्यांच्या भावांचं काय झालं असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दोष त्या रचनाकारांचा नाही. अडचण मुळातच आहे. एखाद्या क्षमतेची किंमत ती कुणाच्या हाती, कशासोबत पडते यावर ठरते. कुलूप आणि किल्ली वेगवेगळी विकायला ठेवली, तर सुट्या किल्लीचा भाव काय लावणार? ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला ती अनमोल आणि बाकीच्यांना लोखंडाचा तुकडा. अदृश्य होण्याची शक्ती युद्धातल्या घोडेस्वाराला मामुली वाटेल, पण चोरपावलं आणि एका घावात ठार करायची कला ज्याच्याकडे आहे त्याला तीच शक्ती अजिंक्य करते. दोघांना सारखा भाव लावला तर एकाला लुबाडलं आणि दुसऱ्याला खिरापत वाटली. यादीत शंभर गोष्टी असतील तर जोड्याच जवळजवळ पाच हजार होतात. तीन-तीनच्या संगती मोजायला गेलात तर दीड लाखाच्या वर. एवढ्या संगती कुठला रचनाकार खेळून पाहणार? क्लासमध्ये तो काय करतो? संगती आधीच ठरवून टाकतो. जादूगाराला प्रचंड शक्ती देताना ‘तुला चिलखत नाही’ असं त्याच गाठोड्यात बांधता येतं. बारा क्लास म्हणजे तपासायला बारा गाठोडी. अवघड काम आहे, पण माणसाच्या आवाक्यातलं.

दुरुस्तीचंही तसंच. एखादा क्लास बिघडला तर तेवढा दुरुस्त करता येतो. सुट्या भावांच्या बाजारात चापल्य महाग केलं की ते वाजवी प्रमाणात वापरणारा साधा कोळीही भरडला जातो आणि पाच कौशल्यांचा फायदा उकळणारा मारेकरीही. भाव सगळ्यांसाठी एकच असतो.

याच पद्धतीत अवगुण घेतले की जादा गुण मिळतात, ही आणखी एक गंमत. कागदावर हे छान दिसतं: भित्रा, कर्जबाजारी, एका डोळ्याने आंधळा असा माणूस घ्या, मोबदल्यात दुसरं काही मिळवा. व्यवहारात अनेक खेळाडू असे अवगुण शोधतात जे त्या मोहिमेत कधी आडवेच येणार नाहीत. वाळवंटातल्या कथेत पाण्याची भीती! म्हणून तर ‘गर्प्स’च्या तिसऱ्या आवृत्तीला अवगुणांतून मिळणाऱ्या गुणांवर साधारण ४० ची मर्यादा सुचवावी लागली. समान गुणांचं तत्त्व स्वतःच्या पायांवर उभं राहत असतं, तर ही टेकणी लागली नसती.

संगणकावरच्या खेळांत हा प्रकार जास्त उघडा पडतो, कारण तिथे चूक सावरून घ्यायला शेजारी खेळ चालवणारा गेम मास्टर नसतो. १९९७ चा ‘फॉलआउट’ आधी ‘गर्प्स’वरच बेतायचा होता, तो करार फिसकटल्यावर ‘स्पेशल’ ही त्याची स्वतःची पद्धत घाईने उभी राहिली. खेळ अप्रतिम आहे, मी त्याचा चाहता आहे. पण त्याची पात्ररचना पाहा. १८ कौशल्यांतून तीन खास कौशल्यं निवडायची, म्हणजे ८१६ पर्याय. छोट्या बंदुका, संभाषण, कुलूप उघडणं निवडणारा मजेत जातो. जुगार, फेकणं आणि प्रथमोपचार निवडणाऱ्याने तितकेच गुण खर्च केलेले असतात आणि त्याचे हाल कुत्रा खात नाही. चापल्यावर एका फेरीतल्या हालचाली ठरतात, त्यामुळे ते कमी ठेवणं म्हणजे अर्धा खेळ दुसऱ्याला लढताना बघणं. २००० सालच्या ‘डियस एक्स’मधलं पोहण्याचं कौशल्य तर चेष्टेचाच विषय झालं आहे. नवख्याला हे कुणी सांगत नाही. त्याला ‘तू मोकळा आहेस’ असं सांगितलं जातं, आणि दहा तास खेळल्यावर त्याला कळतं की तो पहिल्याच पानावर हरला होता.

‘पण निदान विविधता तरी येते ना?’ असं विचारलं जातं. येते का? २०११ च्या ‘स्कायरिम’ने ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतले क्लास पूर्णपणे काढून टाकले. जे वापराल ते कौशल्य वाढेल, १८ कौशल्यं सगळ्यांना खुली. परिणाम काय झाला? जगभरचे खेळाडू कुणी कुऱ्हाड घेऊन, कुणी अग्निमंत्र घेऊन निघाले आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी पोचले: अंधारात दबा धरून बाण मारणारा तिरंदाज. लपून मारलेल्या बाणाची हानी दुप्पट-तिप्पट होते आणि शत्रूला तुम्ही दिसत नाही, मग दुसरं काही कशाला करायचं? यावरचे विनोद खेळाइतकेच प्रसिद्ध आहेत. ज्यांना आणखी ताकद हवी होती त्यांनी औषधं बनवून मंतरलेल्या वस्तू सुधारल्या, त्या वस्तू घालून आणखी जालीम औषधं बनवली आणि हे चक्र हवं तितकं फिरवलं. लोहारकाम वाढवायला सुरुवातीला लोखंडी सुऱ्यांचा डोंगर घडवणं पुरत असे.

हेच २०१७ च्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’मध्ये. सुरुवातीला निवडलेला क्लास तिथे निव्वळ नावापुरता. कुणीही काहीही शिकावं. पण ‘वॉरफेअर’ नावाचं कौशल्य सर्व प्रकारची शारीरिक हानी वाढवतं आणि ती वाढ बाकीच्या वाढींना गुणते. त्यामुळे तिरंदाजाला तिरंदाजीपेक्षा, सुरीवाल्याला सुरीपेक्षा, इतकंच काय, प्रेतविद्या जाणणाऱ्यालाही आपल्या विद्येपेक्षा ‘वॉरफेअर’मध्ये गुण घालणं फायद्याचं. वर त्याच फेरीत दोन जादा हालचाली देणारी ‘अ‍ॅड्रेनलीन’ एका गुणात मिळते, म्हणून तीही सगळ्यांनी घ्यायची. चार पात्रं, चार कहाण्या, आणि कौशल्यांचं पान चौघांचं तेच. पळसाला पानं तीनच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: एकट्याने खेळायच्या खेळात तोल हवाच कशाला? कुणाचं काय बिघडतं? बिघडतं ते खेळणाऱ्याचंच. एकट्याच्या खेळात तोल दोन खेळाडूंमधला नसतो, त्याच्यासमोरच्या दोन वाटांमधला असतो. एक वाट उघडपणे चांगली असेल तर दुसऱ्या वाटा दिखाऊ ठरतात. ‘मी स्वतःला आवर घालीन, मुद्दाम कमजोर पर्याय घेईन’ असं म्हणणारा खेळाडू रचनाकाराचं राहिलेलं काम फुकटात करत असतो.

अनेकांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळांत निकाल याहून स्पष्ट लागले. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये क्लास नव्हते. चाळीसहून अधिक कौशल्यं, प्रत्येकाची कमाल १००, सगळ्यांची मिळून मर्यादा ७००. म्हणजे सात कौशल्यांत पारंगत व्हायचं आणि पुढे काही शिकायचं तर जुनं विसरायचं. लवकरच त्यातून ‘टँक-मेज’ जन्माला आला: मंत्र आधी म्हणून रोखून धरायचा, हातात हॅल्बर्ड घ्यायचा आणि मंत्र व घाव एकदमच घालायचा. ज्याला दुसऱ्या खेळाडूंशी झुंजायचं होतं त्याला हे किंवा याच्या आसपासचं काहीतरी होणं भाग पडलं. क्लास होताच, फक्त तो खेळाडूंनी बनवला होता, तो नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलेला नव्हता आणि त्याच्या तोलाची जबाबदारी कुणावरच नव्हती.

इथे क्लासविरोधक त्यांचा हुकमी पत्ता टाकतात: ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’. २००३ साली हा खेळ सुटा-सुटा पेशा जोडत पात्र घडवायच्या पद्धतीने सुरू झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने ती पद्धत मोडून नऊ ठरावीक पेशे आणले. खेळाडू खवळले, मोठ्या संख्येने सोडून गेले आणि डिसेंबर २०११ मध्ये खेळ बंद झाला. बघा, लोकांना क्लास नको असतात!

हा निष्कर्ष घाईचा आहे. लोक चिडले कारण महिनोन्‌महिने खपून उभं केलेलं पात्र एका रात्रीत मोडीत निघालं. उलट दिशेने, म्हणजे क्लास मोडून अशीच रातोरात उलथापालथ केली असती तरी त्यांनी हेच केलं असतं. आणि आधीची पद्धत लोकांना का आवडत होती ते नीट पाहा. प्रत्येक पात्राला कौशल्यांसाठी २५० गुणांची कडक मर्यादा होती आणि सुरुवातीला एका सर्व्हरवर एका खात्याचं एकच पात्र असे. त्यामुळे सगळं एकट्याने करणं अशक्य होतं. लढून थकलेल्या मनाला उभारी द्यायला कॅन्टिनातले वादक आणि नर्तक लागत. जखमा भरायला आणि मोठ्या लढाईआधी ताकद वाढवायला डॉक्टर लागे. शस्त्रं, घरं, कपडे दुसऱ्या खेळाडूंनीच बनवलेले असत. पेशे नवशिक्यापासून उस्तादापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेले होते. ‘मला हे येत नाही, तुझ्याकडे यावंच लागेल’ या गोष्टीवर ते जग उभं होतं. क्लासची खरी कमाई तीच असते. तो खेळ क्लासविना असल्याचा पुरावा म्हणून देणारे त्याच्यातल्या भिंतींवरच प्रेम करत होते.

‘ईव्ह ऑनलाइन’चंही नाव घेतलं जातं. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा २००३ पासूनचा हा खेळ. वैमानिक वेळ देऊन कुठलंही कौशल्य शिकू शकतो. खरं आहे. पण तो एका वेळी एकाच यानात बसतो. शत्रूला जखडून ठेवणारं हलकं यान, दुरुस्ती करणारं यान, मालवाहू यान, खाणकामाचं यान: प्रत्येकाच्या सांगाड्याला ठरावीक बढती, ठरावीक खाचा आणि ठरावीक काम. पात्राला क्लास नाही, यानाला आहे. पुढच्या दाराने बाहेर काढलेला पाहुणा मागच्या दाराने येऊन पंगतीत बसला.

याचा अर्थ क्लासविना चांगला खेळ होऊच शकत नाही असा नाही, आणि तसं म्हणणारा क्लासवादी मला भेटला तर मी त्याच्याशीही भांडेन. मार्क मिलर यांचा १९७७ चा ‘ट्रॅव्हलर’ घ्या. पात्राचं पूर्वायुष्य चार-चार वर्षांच्या नोकरीच्या टप्प्यांतून फाशांनी ठरतं. पात्र घडता घडताच मरूही शकतं. एकाचा निवृत्त नौदल अधिकारी होतो, दुसऱ्याच्या वाट्याला कफल्लक भटक्या येतो. १९७८ च्या ‘रुनक्वेस्ट’मध्ये यशस्वी वापरातून कौशल्य वाढतं. १९८१ च्या सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये प्राध्यापक, पत्रकार, जुन्या वस्तूंचा व्यापारी एकत्र येतात आणि सगळेच्या सगळे वेडाच्या कडेला जातात.

हे तिन्ही खेळ मोठे आहेत. पण ते क्लासविना तोल साधून दाखवत नाहीत. ‘ट्रॅव्हलर’ तोलाचं आश्वासनच देत नाही. नशिबात आलं ते निभवा, असं सरळ सांगतो आणि पुढे ताकदीची शिडी जवळजवळ ठेवतच नाही. ‘क्थुलू’मध्ये समोरचा शत्रू एवढा अफाट असतो की चांगला नेमबाज आणि वाईट नेमबाज यांच्यातला फरक विरून जातो. शिवाय तिथेही व्यवसाय निवडावा लागतो आणि व्यवसायाचे गुण त्या व्यवसायाच्या कौशल्यांवरच खर्चावे लागतात. जिथे ताकद चढत जाते आणि ती एकमेकांशी मोजली जाते, तिथे ‘रुनक्वेस्ट’सुद्धा गोत्यात आला: वापराची खूण मिळवायला खेळाडू लढाईत भराभर शस्त्रं बदलू लागले आणि पाठीवर शस्त्रांची मोळी घेऊन फिरू लागले. म्हणजे नियम असा दिसतो: तोलाची गरज सोडून दिली तर क्लास सोडता येतो. ‘क्लास सोडा म्हणजे तोल येईल’ हा त्याचा उलटा आणि खोटा अर्थ.

विरोधकांचा एक बाण उरतो आणि तो खरोखर लागणारा आहे. २००८ च्या चौथ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने क्लासचा तोल साधला, पण खेळ एकसुरी झाला, असं ते म्हणतात. तोल साधला हे खरं. त्या आवृत्तीत लढवय्या शत्रूला ‘मार्क’ करतो. मग त्या शत्रूने दुसऱ्यावर हल्ला केला तर त्याचा नेम दोनने घसरतो. साध्या तलवारबाजाला पहिल्यांदाच असं काम मिळालं जे जादूगाराला जमत नव्हतं. पण प्रत्येक क्लासच्या शक्ती त्याच तीन खणांत बसवल्या गेल्या: केव्हाही वापरायच्या, लढाईत एकदा, दिवसातून एकदा. तलवारीचा घाव आणि विजेचा मंत्र यांच्या मोजणीला एकच चौकट. अनेकांना ते रुचलं नाही आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘पाथफाइंडर’कडे ते वळले. यातून शिकायचं ते एवढंच की तोल म्हणजे एकसारखेपणा नाही. गंमत अशी, की ‘प्रत्येकाला सारखे गुण, सारखी यादी’ हे क्लासविरोधकांचं तत्त्व याच एकसारखेपणाचं टोक आहे. चौथ्या आवृत्तीला नावं ठेवणाऱ्याने तर सर्वांत आधी त्यापासून पळायला हवं.

मग तोल म्हणजे काय? प्रत्येकाने फेरीला सारखी हानी करणं हा तोल नव्हे. टेबलाभोवती बसलेल्या चौघा-पाच जणांपैकी प्रत्येकाला त्या संध्याकाळी असा एक तरी प्रसंग मिळावा, जेव्हा बाकीचे त्याच्याकडे बघून ‘आता तूच’ म्हणतात; हा खरा तोल. त्यासाठी कुणाला तरी ती गोष्ट येत नसली पाहिजे. क्लास हेच काम करतो. ‘काय येतं’ यापेक्षा ‘काय येत नाही’ हे सांगण्यात त्याचं मोल जास्त आहे.

हे जुन्या पठडीतल्यांचंच मत आहे असंही नाही. २०१० च्या व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने जुन्या खेळांतलं काय काय फेकून दिलं! गेम मास्टर फासे टाकत नाही, आधी लिहिलेली कथा नाही. पण पात्रं? तयार ‘प्लेबुक’ आणि टेबलावर एका प्लेबुकचं एकच पात्र. पुढे अनुभवातून दुसऱ्याच्या प्लेबुकातली एखादी चाल घेता येते. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’नेही तीच वाट धरली. जुन्या परंपरेची भीड नसलेल्या रचनाकारांनी मोकळ्या मनाने विचार केला आणि ते क्लासपाशी आले: भिंत ठेवली आणि तिला दार केलं. आणि ‘डिव्हिनिटी’ करणाऱ्या लॅरियन कंपनीनेच २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये बारा क्लास स्वीकारले, निवड चुकली तर खेळातल्या शंभर सोन्याच्या नाण्यांत ती बदलून मिळते.

क्लासवाल्यांची पापं मी झाकत नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ च्या सुधारित रूपातला ड्रुइड पाचव्या लेव्हलपासून प्राण्याचं रूप घेतो, जरा पुढे गेल्यावर त्याच रूपात मंत्र म्हणतो आणि सोबत पाळीव प्राणी असतोच; एका क्लासमध्ये तिघांची ताकद. हे ढिसाळ काम होतं. १९७८ च्या नियमांत स्त्री-पात्रांच्या ताकदीवर पुरुषांहून कमी मर्यादा होती आणि बुटक्या-एल्फांना बहुतेक क्लासमध्ये अमुक लेव्हलच्या पुढे वाढच नव्हती. असल्या भिंतींमुळे कुणाची कुणाला गरज पडत नव्हती, नुसता अपमान होत होता. त्या गेल्या हे उत्तमच झालं. पण वाईट क्लासवर इलाज चांगला क्लास हा आहे.

क्लासविना खेळ रचणाऱ्यांनी तो जरूर रचावा. मात्र मर्यादा कुठे ठेवली आहे ते पहिल्या पानावर सांगावं: गुणांच्या बेरजेवर, यानावर, व्यवसायावर, की कुठेच नाही. कुठेच नसेल तर ‘सगळी पात्रं समान’ असं छापू नये, ‘तोल ज्याचा त्याने सांभाळावा’ असं छापावं. आणि खेळाडूंनो, ‘इथे तुम्ही काहीही होऊ शकता’ असं कुणी म्हणालं तर त्याला उलट विचारा: माझ्या पात्राला काय जमणार नाही, आणि ते ज्याला जमतं त्याची मला गरज का पडेल? उत्तर मिळालं तर खुशाल खेळायला बसा. नाही मिळालं, तर खेळ रचणाऱ्याचं अर्धं काम आपल्याच गळ्यात पडणार आहे हे धरून फासे हातात घ्या.